ऐकणाऱ्याचे पाप : ‘द कॉन्व्हर्सेशन’
फ्रान्सिस फोर्ड कोपोला या इटालियन वंशाच्या अमेरिकन दिग्दर्शकाचे नाव घेतले की ‘द गॉडफादर’ (१९७२) आठवतो, आणि त्यातील बाप्तिस्म्याचा प्रसंग ख्रिस्ती प्रेक्षकाच्या मनात विशेष घर करून असतो. त्या यशाच्या सावलीत त्यांचा १९७४ सालचा ‘द कॉन्व्हर्सेशन’ काहीसा झाकोळला गेला. वास्तविक त्या वर्षी कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणारी ही कलाकृती कॅथलिक मनाच्या अधिक खोल तळाला स्पर्श करते.

हॅरी कॉल हा पैसे घेऊन परक्यांची संभाषणे चोरून ध्वनिमुद्रित करणारा निष्णात तंत्रज्ञ. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये, भर गर्दीत फिरणाऱ्या एका तरुण जोडप्याचे बोलणे तो टिपतो. फिती पुनःपुन्हा ऐकताना गोंगाटाखाली दडलेले एक वाक्य त्याच्या हाती लागते : संधी मिळाली तर तो आपल्याला ठार मारील. हॅरी हादरतो, कारण पूर्वी त्याने केलेल्या अशाच एका कामापायी तिघांचा बळी गेलेला आहे.

हॅरी भाविक आहे. सहकाऱ्याने प्रभूचे नाव व्यर्थ घेतलेले त्याला खपत नाही. तो पापनिवेदनास जातो तो प्रसंग या चित्रपटाचा गाभा होय. देवाचे नाव व्यर्थ घेतले, पैसे न देता वर्तमानपत्रे उचलली, मनात अशुद्ध विचार आणले, अशी किरकोळ पापे तो प्रथम सांगतो. मग अडखळत, आपल्या कामामुळे दोन तरुण जिवांना इजा पोहोचेल अशी भीती बोलून दाखवतो. आणि त्याच श्वासात म्हणतो, की याला मी जबाबदार नाही.

येथे आपण क्षणभर थांबावे. पश्चात्ताप, पापनिवेदन आणि पापक्षालन ही प्रायश्चित्त संस्काराची अंगे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गातच शिकलो. हॅरीपाशी शब्द आहेत, भयही आहे. परंतु दोष स्वीकारण्याचे धैर्य नाही. लहान पापे मोजून मोठे पाप टाळण्याची ही युक्ती आपल्यालाही अपरिचित नसावी. मिस्साविधीच्या आरंभी आपण कर्तव्यातील कसुरीचीही कबुली देतो, ती किती जण मनापासून देतो?

पुढे ज्या हॉटेलात घात होणार असे त्याला वाटते, तेथे शेजारची खोली घेऊन हॅरी भिंतीला कान लावतो. आक्रोश ऐकू येताच मात्र तो दार ठोठावत नाही; दूरदर्शन संच लावून पांघरुणात शिरतो. अखेर उलगडते ते भलतेच : ते जोडपे बळी नसून मारेकरी आहे, आणि मेला तो त्यांच्यावर पाळत ठेवायला लावणारा धनी. तेच वाक्य आता निराळ्या शब्दावर जोर देऊन ऐकू येते. ध्वनिसंकलक वॉल्टर मर्च यांनी येथे त्या वाक्याचे वेगळे उच्चारण वापरले आहे. फितीवरचा आवाज बदलेल कसा, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु आपण ऐकत होतो ते हॅरीच्या कानांनी. शब्द अचूक टिपणाऱ्याला माणूस मात्र ऐकू आला नव्हता.

शेवटी हॅरीच्याच घरावर पाळत बसते. लपवलेले यंत्र शोधताना तो घर उद्ध्वस्त करतो. पवित्र मरियेच्या मूर्तीपाशी त्याचा हात अडखळतो. मग तीही तो फोडतो. आत काहीच सापडत नाही. या दृश्यात काहींना श्रद्धेची विटंबना दिसेल. मला वाटते, विटंबना त्याआधीच, त्या बंद दारापाशी झाली होती. २०२५ साली दिवंगत झालेल्या जीन हॅकमन यांचा संयत अभिनय हे दुःख आरडाओरडा न करता आपल्यापर्यंत पोहोचवतो.

मोडक्या घरात सॅक्सोफोन वाजवीत बसलेला हॅरी पाहून आपण उठतो, तेव्हा त्याचा तिरस्कार वाटत नाही. पुढच्या पापनिवेदनापूर्वी, आपण कोणते दार ठोठावले नाही, एवढे मात्र आठवून पाहावेसे वाटते.