रुग्णांची डिजिटल आरोग्य साक्षरता आणि तंत्रज्ञानाचा वापर : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :

माहिती तंत्रज्ञानाने मानवी जीवनाच्या सर्वच क्षेत्रांत प्रवेश केला असून आरोग्यक्षेत्रही त्यास अपवाद राहिलेले नाही. भारतात 2019 मध्ये 'ई-संजीवनी', 2020 मध्ये 'आरोग्य सेतू', 2021 च्या जानेवारीत 'कोविन' आणि त्याच वर्षी 27 सप्टेंबर रोजी 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' अशा क्रमाने शासकीय यंत्रणा रुग्णाच्या हातातील मोबाईलपर्यंत येऊन पोहोचल्या. साहजिकच रुग्णांची डिजिटल आरोग्य साक्षरता हा चर्चासत्रांचा आवडता विषय झाला आहे. अशा निबंधांतून बहुधा एक गृहीतक आढळते : रुग्ण निरक्षर आहे आणि तंत्रज्ञान त्यास साक्षर करील. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. ज्या साधनाने शिकवायचे तेच साधन वापरता येणे ही शिकण्याची पूर्वअट ठरत असेल, तर उणीव नेमकी कोणाची, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

संकल्पना व मोजमाप :

डॉन नटबीम यांनी 2000 मध्ये आरोग्य साक्षरतेचे तीन स्तर सांगितले : कार्यात्मक, संवादात्मक आणि चिकित्सक. सूचना वाचता येणे हा पहिला स्तर, डॉक्टरांशी बोलून माहिती मिळवता येणे हा दुसरा आणि मिळालेल्या माहितीची पारख करून स्वतःच्या परिस्थितीवर नियंत्रण मिळवता येणे हा तिसरा. पुढे 2006 मध्ये कॅमेरॉन नॉर्मन व हार्वे स्किनर यांनी 'ई-हील्स' ही आठ विधानांची मापनश्रेणी तयार केली. आजही या विषयावरील सर्वेक्षणांत तिचा सर्रास वापर होतो.

ही श्रेणी कॅनडातील 13 ते 21 वयोगटातील 664 मुलामुलींवर तपासण्यात आली होती, हे आपल्याकडील अभ्यासक क्वचितच नमूद करतात. शिवाय ती व्यक्तीचे प्रत्यक्ष कौशल्य मोजत नाही. आपणास ते जमते असे व्यक्तीला वाटते का, एवढेच ती विचारते. व्हॉट्सॲपवर आलेला काढ्याचा संदेश पूर्ण विश्वासाने पाच गटांत पाठविणाऱ्या गृहस्थाला या श्रेणीवर उत्तम गुण पडू शकतात. याउलट, "मला यातलं काही कळत नाही, डॉक्टरांनाच विचारते" असे म्हणणारी आजी अनुत्तीर्ण होते. वस्तुतः दोघांपैकी अधिक सावध कोण, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरी अडचण अशी की, ही श्रेणी फोन आणि रुग्ण यांचे नाते एकास एक मानते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या भारतीय स्त्रियांचे प्रमाण सुमारे 54 टक्के होते. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया 33.3 टक्के, तर पुरुष 57.1 टक्के होते. त्यानंतर ही स्थिती पुष्कळ बदलली असली तरी आपल्या घरांतील चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. फोन नातवाच्या हातात, ओटीपी सुनेच्या फोनवर आणि मधुमेह मात्र आजोबांना. येथे साक्षरता कुटुंबात वाटली गेलेली असते. तिच्याबरोबर रुग्णाची गोपनीयताही वाटली जाते. गर्भपात, क्षयरोग वा मानसिक आजार अशा प्रसंगी हा प्रश्न किती गंभीर होतो, याकडे साक्षरतेच्या वाङ्मयात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

कोविनचा अनुभव :

मे 2021 मध्ये 18 ते 44 वयोगटासाठी लसीकरणाची नोंदणी ऑनलाईनच करावी लागत होती आणि संकेतस्थळ त्या वेळी इंग्रजीत होते. महाराष्ट्रातील ग्रामीण केंद्रांवर शहरांतून मोटारीने आलेली तरुण मंडळी लस घेऊन जात आणि गावातील लोक पाहत राहत, अशी वृत्ते त्या काळात प्रसिद्ध झाली. 31 मे 2021 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीविषयी चिंता व्यक्त केली. त्याच्या काही दिवस आधी शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीस मुभा देण्यात आली होती. मराठीसह अन्य भाषा जूनमध्ये आल्या. गावकऱ्यांची साक्षरता या चार-पाच आठवड्यांत वाढली नव्हती. बदलला होता तो नियम आणि बदलली होती ती भाषा.

आवाजी संदेश आणि भाषेचा प्रश्न :

वाचता न येणाऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी आवाजी संदेशांचा मार्ग सुचविला जातो. 'किलकारी' ही शासकीय सेवा गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्यास एक, असे 72 संदेश साध्या फोनवर ऐकविते. तिची कल्पना निश्चितच स्तुत्य आहे. तथापि मध्य प्रदेशातील चार जिल्ह्यांत झालेल्या नियंत्रित चाचणीत केवळ स्तनपानाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. गर्भनिरोधकांच्या वापरात मात्र थोडी वाढ दिसली. ऐकविणे आणि समजणे यांत अंतर आहे, आणि फोन दिवसभर नवऱ्याच्या खिशात असेल तर ऐकविणेही घडत नाही. ऐकणाऱ्या स्त्रीला उलट प्रश्न विचारण्याची सोयही अशा एकतर्फी संदेशात नसते. म्हणजे नटबीम यांचा दुसरा स्तर येथे मुळातच वगळला जातो.

आपल्याकडील सर्वांत दुर्लक्षित बाब मात्र याहून साधी आहे. रक्ततपासणीचा अहवाल आता पीडीएफ स्वरूपात मोबाईलवर येतो, आणि तो बहुधा संपूर्ण इंग्रजीत असतो. ठळक छापलेला आकडा पाहून घरात घबराट पसरते. ठळक काही नसेल तर औषध परस्पर बंद होते. तो आकडा तीन महिन्यांची सरासरी साखर सांगतो, एवढे एक वाक्य मराठीत छापण्यास कोणतेही प्रगत तंत्रज्ञान लागत नाही. दुसरीकडे शासकीय मराठी 'रक्तशर्करा' लिहिते, तर रुग्ण 'शुगर' म्हणतो. 'धाप लागते', 'छातीत कळ येते', 'मुरडा होतो' ही त्याची भाषा होय. ही भाषा ज्या साधनाला समजत नाही, त्या साधनाच्या निकषावर रुग्णाला निरक्षर ठरविणे हे प्रस्तुत लेखकास अन्यायाचे वाटते.

गतवर्षी आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थ्यांनी गावातील स्त्रियांना आभा क्रमांक काढून देण्याचे काम हाती घेतले. दिवसअखेर किती क्रमांक निघाले, याची नोंद वहीत व्यवस्थित झाली. एका बाईने मात्र क्रमांक काढण्यापूर्वी विचारले, "यात माझे कागद गेले की ते कोण कोण बघणार?" विद्यार्थ्याने माझ्याकडे पाहिले. अहवाल रुग्णाच्या संमतीनेच दुसऱ्यास दिसतात, असे मी सांगितले. त्यावर तिने ती संमती कोणत्या फोनवर मागतात ते विचारले. तिच्या नावापुढे दिलेला फोन दिराचा होता.