एकतारी आणि पाटी

बंगालच्या बाऊलांविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते ते वाचताना मी अस्वस्थ होतो. भगवी कफनी, हातातली एकतारी, गावोगावची भटकंती आणि 'मनेर मानुष'चा शोध, एवढ्यावर लेखक थांबतो. यंत्रयुगातही अध्यात्माचा झरा वाहता ठेवणारे अवलिये, असा शिक्का मारून तो मोकळा होतो. हे अवलिये कोणत्या जातींतून आले, कशाला नकार देऊन रस्त्यावर आले, हे विचारले जात नाही. घराण्यात पहिल्यांदा पदवीपर्यंत पोचलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला मात्र हाच प्रश्न आधी सुचतो.

बाऊल-फकीर बहुतांशी खालच्या मानलेल्या हिंदू जातींतून आणि गरीब मुसलमानांतून आले. त्यांनी वेद नाकारला, शरियत नाकारली, देऊळ-मशीद नाकारली. सत्य पोथीत नसून माणसाच्या देहात आहे, हा त्यांचा सिद्धांत. कुष्टियाजवळच्या छेउडियाला १८९० साली वारलेल्या लालन फकिराने आपली जात शेवटपर्यंत सांगितली नाही. धर्माच्या खुणा पुरुषाच्या अंगावर असतात, मग बाईची जात कशावरून ओळखायची, असा त्याच्या एका पदाचा रोखठोक सवाल आहे. याला गूढवाद म्हणणे हा प्रश्न टाळण्याचा मार्ग आहे. हा सरळ तर्क आहे.

प्रस्थापितांनी हा तर्क बाजूला ठेवून चाल तेवढी उचलली. रवींद्रनाथांनी लालनची पदे 'प्रवासी' मासिकात छापली, १९३० साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानांत बाऊलांना मानाचे स्थान दिले. त्यांचे ऋण मी मानतो. बांगलादेशाच्या राष्ट्रगीताची चाल गगन हरकरा या टपालवाहकाच्या गाण्यावरून आली आहे, हेही विसरता येत नाही. पण अभिजनांच्या बैठकीत पोचेपर्यंत बाऊलांची देहसाधना गळाली, जातीवरचा प्रहार बोथट झाला आणि उरला तो सोवळा मानवतावाद. पुढे १९६७ साली बॉब डिलनच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर पूर्ण दास आणि लक्ष्मण दास हे बाऊल झळकले. २००५ साली युनेस्कोने बाऊल गाणी मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केली. आणि २००८ साली ढाक्याच्या विमानतळासमोर उभे राहणारे बाऊलांचे शिल्प धर्मांधांच्या दबावाखाली हटवले गेले. धर्मांधांना बाऊलांच्या विचारातला धोका कळतो. गौरव करणाऱ्यांना तो का कळू नये?

तरीही आपण बाऊलांपुढे नुसते हात जोडून चालणार नाही. संतांनी माणसे देवाच्या दृष्टीने समान मानली, माणसामाणसांतली विषमता मोडण्याचा लढा दिला नाही, ही बाबासाहेबांची टीका 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या निबंधाच्या निमित्ताने गांधीजींना दिलेल्या उत्तरात आहे. ही कसोटी बाऊलांना लावली तर ते अर्धे उतरतात. शास्त्रप्रामाण्य त्यांनी मुळापासून उखडले, हे आपल्या वारकरी संतांच्याही पुढचे पाऊल होते. पण गाव सोडून बाहेर पडणाऱ्याने गावातली जमीन, पाणवठा आणि शाळा कोणाच्या हाती ठेवली?

या प्रश्नाचे उत्तर त्याच बंगालच्या मातीत सापडते. नामशूद्रांतल्या हरिचंद ठाकुरांनी मतुआ पंथ उभारला, तो संसार न सोडता. त्यांचे पुत्र गुरुचंद यांनी मिशनरी मीड यांच्या साहाय्याने ओराकांदीला शाळा काढली. याच नामशूद्र समाजातले जोगेंद्रनाथ मंडल पुढे आले आणि १९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून घटनासमितीवर निवडून आणण्यात त्यांनी पुढाकार घेतला. कीर्तनाबरोबर पाटी हातात आली तेव्हाच ही वाट तयार झाली.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. बाऊलांची गाणी लोककलेच्या कप्प्यात ठेवू नका. ती विचार म्हणून वर्गात शिकवा, कसोटीवर घासा. लालनचे पद शिकवताना ओराकांदीच्या शाळेविषयीही सांगा. विद्यार्थ्यांना एकतारीचा नाद आवडेलच, पण त्यांना त्या पदातला सवाल आपल्या गावाला विचारता आला पाहिजे.