उंच पाठीच्या खुर्च्या

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की हॉलला लागून असलेली डायनिंगची जागा कधी कधी अपेक्षेपेक्षा खूपच मोठी निघते. आठजणांचं टेबल मांडलं तरी ते पोरकं दिसतं आणि मग क्रॉकरी युनिट, फॉल्स सीलिंग, झुंबर यांनी ती जागा भरायची घाई होते. मला अशा वेळी स्कॉटिश वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉशची एक खुर्ची आठवते. रिकामेपणाचं काय करायचं, याचं इतकं देखणं उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

ग्लासगोमध्ये केट क्रॅन्स्टन यांच्या आर्गाइल स्ट्रीटवरच्या टी-रूमसाठी त्याने ती 1898 च्या सुमारास घडवली. गडद रंग दिलेलं ओकचं लाकूड. उंची सुमारे 137 सेंटिमीटर, म्हणजे साडेचार फूट. पाठीला दोन उभ्या सपाट पट्ट्या, त्यांच्या वर आडवी लंबगोल फळी आणि त्या फळीत आरपार कोरलेला उडता पक्षी. माणूस बसला की तो लंबगोल प्रभावळीसारखा डोक्यामागे येतो. खरी करामत मात्र चार खुर्च्या टेबलाभोवती आल्यावर कळते. त्यांच्या पाठींचं एक जाळीदार कुंपण तयार होतं. भिंत न घालता मोठ्या दालनात एक छोटी खोली उभी राहते, आणि नजर व हवा तिच्यातून खेळती राहते. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ती खोली मोडत नाही.

1900 मध्ये मार्गारेट मॅकडोनाल्डशी लग्न झाल्यावर मॅकिंटॉशने याच खुर्च्या आपल्या फ्लॅटमध्येही मांडल्या. 1906 मध्ये ते दोघे ज्या घरात गेले ते पुढे पाडलं गेलं, पण त्याचा अंतर्भाग ग्लासगो विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयात पुन्हा उभारला आहे. तिथल्या जेवणघरात भिंतींना पार्सल बांधायचा खरखरीत करडा-तपकिरी कागद आहे आणि वर छताकडे सगळं पांढरं. साधा स्वस्त कागद, पण त्याच्या काळोखीमुळे नजर आपोआप टेबलाकडे वळते. हे धाडस मला फार आवडतं.

अर्थात, मॅकिंटॉशच्या खुर्चीची पाठ सरळसोट आहे. जेवणानंतर रेलून गप्पा मारायला ही खुर्ची नाही. आपल्या घरी उंची तेवढी घ्यावी, पाठीला थोडा कल द्यावा, दिवा टेबलापासून अडीच-तीन फुटांवर टांगावा. उरलेली जागा तशीच मोकळी ठेवावी. पाहुणे वाढले की तिथे पंगत बसेल.