बर्गेनचा नरकासुर

दिवाळीच्या अंकात सैतानाचे नाव काढावे की काढू नये, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. मग लक्षात आले, की आपल्या या सणातला अभ्यंगस्नानाचा दिवसच मुळी एका असुराच्या नावाने ओळखला जातो. त्या पहाटे आपण कारीट पायाखाली चिरडतो आणि त्याचा कडू रस जिभेला लावतो. गोव्यात तर मुले कितीतरी दिवस खपून बांबू, गवत आणि कागद यांचा अक्राळविक्राळ नरकासुर उभा करतात, रात्रभर त्याच्याभोवती नाचतात आणि उजाडायच्या आत त्याला जाळून मोकळी होतात. तेव्हा सणाच्या दिवशी असुराशी थोडी ओळख करून घेण्यात काही अशुभ आहे असे मला वाटत नाही. वाचकांनाही तसे वाटू नये अशी आशा आहे.

निमित्त झाले ते असे. गेल्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण आपल्या मुलाला घेऊन आठ दिवस माझ्याकडे राहायला आली होती. पोरगा कॉलेजात शिकतो. स्वभावाने गरीब आणि मितभाषी. पण दिवसभर कानात ती बोंडे घालून काहीतरी ऐकत बसलेला असे. एका रात्री तो झोपल्यावर बहीण हळूच म्हणाली, "दादा, तू गाण्यातला माणूस. हा काय ऐकतो ते एकदा ऐक आणि मला खरे काय ते सांग. सैतानाची गाणी आहेत म्हणे. त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्याचा खून केला, असंही कुणीतरी सांगत होतं. पोरगं बिघडायचं नाही ना?"

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला विचारले. तो आधी लाजला, मग म्हणाला, "मामा, पहिल्यांदा आवडायचं नाही. तीनदा ऐका." मी तीनदा नव्हे, चांगले दहाबारा वेळा ऐकले. त्या ऐकण्याचा हा जबाब आहे.

त्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'दे मिस्तेरीइस डोम साथानास'. सैतानाच्या गूढ विधींविषयी, असा काहीसा त्याचा अर्थ. लॅटिन जाणणारा माणूस या नावाला हसेल, कारण त्यातली शेवटची दोन पदे विभक्तीवाचून तशीच लटकत ठेवलेली आहेत. एखाद्या अर्धशिक्षित भिक्षुकाने सत्यनारायणाची पोथी म्हणावी तसा हा प्रकार आहे. वाद्यवृंदाचे नाव मेहेम. देश नॉर्वे. या संगीताला 'ब्लॅक मेटल' म्हणतात, आणि हे नाव व्हेनम या इंग्रज वाद्यवृंदाच्या १९८२ सालच्या तबकडीवरून आले.

मेहेमची सुरुवात १९८४ साली ओस्लोजवळच्या लांगहुस या गावी झाली. ऑयस्टीन ओर्सेथ हा गिटार वाजवणारा पोरगा त्याचा म्होरक्या. या मुलांच्या हाती ना पैसा होता, ना कोणी मोठा प्रकाशक. त्यांच्या हाती होते ते टपालखाते. जगभरची अशीच वेडी मुले एकमेकांना कॅसेटी पाठवीत आणि त्या कॅसेटींच्या प्रतींच्या प्रती देशोदेशी फिरत. १९८७ साली या मंडळींनी पहिली छोटी तबकडी काढली, अवघ्या एक हजार प्रतींची. तिच्या आरंभीचा तुकडा दिला तो बर्लिनच्या कॉनराड श्निट्झलर या प्रयोगशील संगीतकाराने. वयाने आणि मानाने तो या पोरांपेक्षा कितीतरी मोठा! पुढच्याच वर्षी स्वीडनहून पेर ईंग्वे ओलिन नावाच्या तरुणाने आपली कॅसेट पाठवली आणि तो यांचा गायक झाला. हंगेरी तेव्हा अजून पोलादी पडद्याआड होती. तिथल्या टोरमेंटर या वाद्यवृंदाचीही १९८८ ची कॅसेट अशीच हातोहाती नॉर्वेपर्यंत येऊन पोहोचली. तिच्यात गाणाऱ्या अटिला चिहारचा आवाज ओर्सेथच्या मनात घर करून राहिला.

यानंतरचा भाग मी थोडक्यात सांगतो. सणाच्या दिवशी त्यात रेंगाळण्याची माझी इच्छा नाही. ओलिन मनाने आजारी होता. ८ एप्रिल १९९१ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःचा अंत करून घेतला. त्याला औषध हवे होते, मायेचे माणूस हवे होते. मिळाले ते भलतेच. ओर्सेथने त्याच्या मरणाचाही गाजावाजा करून संघाचा दबदबा वाढवला. त्याच्या या वागण्याला विटून आरंभापासूनचा सोबती असलेला स्टुबेरूड संघ सोडून गेला. याच काळात या वर्तुळातल्या काही जणांनी जुनी चर्चे जाळायला सुरुवात केली. बर्गेनजवळचे बाराव्या शतकातले फान्टॉफ्टचे लाकडी चर्च ६ जून १९९२ रोजी भस्म झाले.

आणि अशा दिवसांत, १९९२-९३ साली, ही नवी ध्वनिमुद्रिका तयार होत होती. तीही कुठे? बर्गेनच्या ग्रीगहालेनमध्ये! ज्याच्या संगीतामुळे नॉर्वेचे नाव जगभर झाले त्या एडवर्ड ग्रीगची बर्गेन ही जन्मभूमी, आणि ही वास्तू त्याच्या नावाची; शहराचा अभिजात वाद्यवृंद तिथेच वाजतो. याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. डोंगरातल्या राक्षसाचा दरबार ग्रीगनेही 'पेअर ग्युन्त'च्या संगीतात भरवलाच होता. ध्वनिमुद्रणाची बाजू आयरिक हुन्डविन या जाणत्या माणसाने सांभाळली. सगळे त्याला 'प्युटेन' म्हणत. ढोल वाजवायला यान आक्सेल ब्लॉमबर्ग होता. स्टुबेरूडच्या जागी बास गिटार वाजवायला वर्ग विकेर्नेस आला. काही सुरावटी स्नोरे रूक याने पुरवल्या. बहुतेक शब्द मागे उरलेल्या ओलिनचे होते. ते गाण्यासाठी १९९३ साली हंगेरीहून चिहार नॉर्वेला आला.

आता संगीताकडे वळू. पहिल्या श्रवणी मला काय ऐकू आले असेल तर तो निव्वळ कल्लोळ. दुसऱ्या खेपेस त्या कल्लोळात मला एक घडी दिसू लागली. गिटारवाला एकाच तारेवर इतक्या जलद आघात करतो, की सुटे स्वर नाहीसे होऊन त्यांची एक अखंड थरथर उरते. सतारीच्या झाल्याशी ज्याचा परिचय आहे त्याला ही युक्ती कळायला वेळ लागणार नाही. ब्लॉमबर्गचे ढोल म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या ताशाची तर्री, तीही क्षणभर न थांबणारी. पण गंमत अशी, की हात इतक्या वेगाने चालत असताना वरची सुरावट मात्र फार सावकाश सरकत असते. वेगाच्या पोटात ही जी संथ गती आहे, तीच या संगीताची जान आहे. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे तीन प्रकार मांडले. त्यातली विरोधलय म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा या तबकडीने अधिक समजावले असे म्हटले, तर आमचे समीक्षकमित्र रागावतील. पण ते खरे आहे.

दुसरे गीत, 'फ्रीझिंग मून', या दृष्टीने सर्वांत सरस. त्याच्या आरंभी सुटे, गार, एकटे स्वर येतात. मग पाऊस सुरू व्हावा तसे ढोल येतात. शेवटाकडे गिटारचा एक लांब एकल तुकडा आहे. तो अगदी साधा आहे, पण तो संपू नये असे वाटते. उलट मधली एकदोन गीते एकमेकांत इतकी मिसळतात, की कोणते कुठे संपले ते कळत नाही. शब्दांचाही साठा मोजकाच: धुके, चंद्र, थडगी, धूळ. हा दोष झाकण्यात अर्थ नाही.

हा दोष भरून निघतो तो चिहारच्या आवाजाने. या जातीचे गायक बहुधा किंचाळतात. चिहार किंचाळत नाही. तो गुरगुरतो, कण्हतो, जीर्ण दारासारखा करकरतो आणि शेवटच्या गीतात तर एखाद्या मठातल्या पुरोहितासारखे मंत्र आळवू लागतो. मध्येच ऑपेरातल्या गायकासारखा स्वर ताणतो. भाषा इंग्रजी, शब्द स्वीडिश तरुणाचे, उच्चार हंगेरीचा. त्या काळी अनेक श्रोत्यांना हे रुचले नाही. ओलिनचा आवाज हवा होता, हा कोण परका, असे त्यांना वाटले. मला मात्र हे परकेपण हीच या ध्वनिमुद्रिकेची सर्वांत मोठी कमाई वाटते. ज्याने शब्द लिहिले तो ते म्हणायला उरला नाही. जो ते म्हणतो आहे त्याने ते वाहून आणल्यासारखे, काहीशा अवघडलेल्या आदराने म्हटले आहेत. दुसऱ्याची नक्कल करण्याचा मोह त्याने एकदाही धरलेला नाही. भरताने भयानक रसाचा स्थायीभाव भय सांगितला आणि बीभत्साचा जुगुप्सा. हा आवाज जुगुप्सेकडे वळत नाही. तो भयाच्या बाजूला उभा राहतो आणि त्या भयात शोकाची एक बारीक धार मिसळतो.

ध्वनिमुद्रण झाले खरे, पण तबकडी बाहेर पडण्यापूर्वीच, १० ऑगस्ट १९९३ रोजी, विकेर्नेसने ओस्लो येथे ओर्सेथचा खून केला. ओर्सेथ अवघा पंचवीस वर्षांचा होता. खून आणि चर्चांची जाळपोळ यांबद्दल विकेर्नेसला १९९४ मध्ये एकवीस वर्षांची शिक्षा झाली. खुनात साथ दिल्याबद्दल रूकलाही आठ वर्षांची. मे १९९४ मध्ये तबकडी प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर ट्रॉन्डहाइमचे भव्य निडारोस कॅथीड्रल निळ्या-जांभळ्या काळोखात उभे आहे. आत मारणारा आणि मेलेला एकत्र वाजवीत आहेत.

ओर्सेथच्या कुटुंबीयांनी एकच विनंती केली होती: आमच्या मुलाच्या मारेकऱ्याने वाजवलेला भाग तेवढा काढून टाका. ब्लॉमबर्गने तसे करतो असे सांगितले, पण केले नाही. मारणारा आणि मेलेला एकाच तबकडीवर असणे उचित आहे, असे त्याचे म्हणणे पुढे प्रसिद्ध झाले. अनेक रसिक या गोष्टीत काही नियतीची योजना पाहतात आणि भारावून जातात. मला हे पटत नाही. बासचा तो आवाज सबंध तबकडीत इतका दबलेला आहे, की तो दुसऱ्या कोणी वाजवला असता तरी कलेचे काडीइतकेही नुकसान झाले नसते. एका घराच्या दुःखाला मात्र थोडा मान मिळाला असता. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, यावर फडके-खांडेकरांच्या काळी आपल्याकडे केवढे रण माजले! ती सगळी तलवारबाजी एका बाजूला ठेवली, तरी इतके तर सरळ आहे: जिथे कलेला काही गमवावे लागत नव्हते, तिथे आईबापांचे ऐकायला हवे होते.

आणि यातूनच माझा मुद्दा निघतो. या तबकडीची कीर्ती रक्ताने झाली, पण तिचे मोल रक्ताने आलेले नाही. ते आले प्युटेनच्या सावध कानामुळे, ब्लॉमबर्गच्या रियाझामुळे, ओर्सेथच्या सुरावटींमुळे, आणि टपालाने, कॅसेटींनी, सरहद्दी ओलांडून एकमेकांना शोधत आलेल्या मुलांच्या ध्यासामुळे. तोंडाने द्वेषाच्या गर्जना करणारी ही मुले काम करताना मात्र एकमेकांचे किती बारकाईने ऐकत होती! त्यांनी मोठ्या कष्टाने नरकासुर उभा केला. आमच्या गोव्याच्या पोरांनी हेवा करावा असा केला. त्यांचे चुकले ते पुढे. पहाट झाली तरी त्यांनी तो जाळला नाही. बांबू-कागदाचा असुर खराच आहे असे ते समजून चालले, आणि मग त्याला खरी माणसे आणि खरी मंदिरे वाहू लागले. नारायण धारपांच्या भयकथा वाचून आपणही रात्री अंगावरचे पांघरूण डोक्यापर्यंत ओढून घेतले आहे. पण सकाळी उठून आपण दूध आणायला गेलो. ती सकाळ त्या मुलांना कोणी दाखवली नाही.

चिहारला मात्र ती सापडली असावी. तो २००४ मध्ये या वाद्यवृंदात परत आला आणि टिकून राहिला. डिसेंबर २०१५ मध्ये या मंडळींनी ही सबंध तबकडी रंगमंचावर वाजवली, ती स्वीडनमधल्या नॉर्शेपिंग गावी. ओलिनच्या देशात, ओलिनचे शब्द, तोच हंगेरीचा पाहुणा पुन्हा गायला. स्टुबेरूड परत आलेला होता, ढोलावर ब्लॉमबर्ग होता. रात्र संपल्यावर सगळे आपापल्या बिऱ्हाडी गेले असतील. कलावंताने एवढे केले तरी पुष्कळ.

बहिणीला मी सांगितले, "पोराला ऐकू दे. पण नुसती तबकडी ऐकू देऊ नकोस. ओलिनची गोष्ट त्याला सांग, ओर्सेथच्या आईवडिलांची सांग. आणि तो गप्पगप्प असला तर कानातली बोंडे काढायला लावून जवळ बसव. तबकडीपेक्षा ती काळजी मोठी आहे."

ती म्हणाली, "म्हणजे तुला आवडलं तर!"

"आठातली पाच गाणी," मी म्हणालो.

भाचा यंदा दिवाळीला माझ्याकडेच येणार आहे. रात्री त्याने काय वाटेल ते ऐकावे. पहाटे चार वाजता मात्र मी त्याला उठवणार आहे, उटणे लावून न्हायला घालणार आहे, आणि कारीट त्याच्याच पायाखाली ठेवणार आहे.