दुःखाची मालकी

लातूरच्या शिकवणीवर्गांभोवतीच्या खोल्यांतून राहणारी मुले-मुली रात्री पुस्तके मिटल्यावर मोबाइलवर ज्या पाश्चात्त्य गुन्हेमालिका पाहतात, त्यांपैकी कित्येकींचा आरंभ एखाद्या तरुणीच्या प्रेतापासून व्हावा आणि तपास अधिकाऱ्याचे खिन्न मन उलगडून दाखविण्यापलीकडे त्या प्रेताला काही प्रयोजनच उरू नये, हे मला उत्तरोत्तर असह्य होऊ लागले आहे. १९९० च्या ‘ट्विन पीक्स’मध्ये मृत लॉरा पामर हेच कथेचे गूढ होते, अनुकरण करणाऱ्यांनी प्रेत तेवढे ठेवले, मुलगी टाकून दिली.

‘सायको’च्या स्नानगृहातील खुनावर पुष्कळ लिहून झाले आहे, आणि ‘इरिव्हर्सिबल’मधील अत्याचारासमोर मिनिटामागून मिनिटे खिळून राहिलेला कॅमेरा मला धीट नव्हे, निर्दय वाटतो. परंतु नजर वळविली म्हणजे सभ्यता साधली, असेही नव्हे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये २०१५ साली सान्सा या तरुणीवर बळजबरी होत असता कॅमेरा ती पाहणाऱ्या थिऑनच्या चेहऱ्यावर स्थिरावतो, आणि तिच्या यातनेचा जणू फेरफार होऊन ती एका पुरुषाच्या नावे चढते.

याउलट सेरा पॉलीच्या ‘विमेन टॉकिंग’मध्ये (२०२२), बोलिव्हियातील मेनोनाइट वसाहतीत खरोखर घडलेल्या अत्याचारांचे बीज असूनही, अत्याचाराचे कृत्य एकदाही पडद्यावर येत नाही, दिसते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ, आणि मग गवताच्या माळ्यावर जमलेल्या बायका, ज्या राहावे, लढावे की निघून जावे याचा खल, रागावत, मध्येच हसत, अखेरपर्यंत करतात. नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’मध्ये (२०१६) हेच अधिक कठोरपणे साधले: ट्रॅक्टर हाकणारी, बुलेटवर बसणारी, भांडणारी आर्ची आपण दोन तासांहून अधिक काळ पाहिलेली असते, म्हणूनच तिचा न दाखविलेला खून, ती नीरवता आणि तिच्या लहानग्याची रक्ताळलेली पावले आपल्याला सोडीत नाहीत.

वास्तव आहे, मग दाखवू नये काय, असा युक्तिवाद होतो. कुणाला दाखविणार? नांदेड जिल्ह्यात जानेवारी २०२३ मध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलीच्या खुनाच्या आरोपावरून पित्यासह तिच्याच नातलगांना अटक झाली. गळा कसा आवळतात, हे मराठवाड्याला पडद्यावरून शिकावयाचे नाही. त्या मुलीला काय हवे होते, एवढेच कुणी विचारीत नाही. आणि हा दोष परकीयांच्याच माथी मारण्याची मुभा आपणांस नाही. ‘माहेरची साडी’ने (१९९१) सोसणाऱ्या सुनेला देव्हाऱ्यात बसविले, आणि आजच्या कौटुंबिक मालिका तिची आरती ओवाळीत आहेत, वस्तुतः ‘माहेरची साडी’च्या नऊ वर्षे आधी जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ने महिलाश्रमातील बायकांना बोलते केले होते! तो मार्ग आपणच मोडून टाकला. लेखकाने अत्याचाराचा प्रसंग लिहिण्यापूर्वी त्या बाईचा आदला दिवस लिहून दाखवावा, अशी अट घातली तर निम्म्या मालिका निघणारच नाहीत, अशी तक्रार निर्माते करतील. न निघोत.