डेन्हम एलियट : पडझडीचा अभिनेता

चित्रपटविषयक लेखनात ‘चरित्र अभिनेता’ ही संज्ञा फारच सैलपणे वापरली जाते. हिंदी-मराठी चित्रपटव्यवहारात तर नायकाचे वय उलटून गेलेल्या, वडील, काका, न्यायाधीश अथवा डॉक्टर यांच्या भूमिका करणाऱ्या नटाला दिलेली ती सन्माननीय निवृत्तीच होय. नायक ठरला की उरलेल्या जागा ज्यांनी भरावयाच्या ते चरित्र अभिनेते, असा हा हिशेब आहे. ब्रिटिश नट डेन्हम एलियट (१९२२-१९९२) याची चित्रपट व दूरचित्रवाणीवरील चार दशकांहून अधिक काळाची कारकीर्द या हिशेबात बसत नाही. पडद्यावर तो फार थोडा वेळ असे. मात्र ज्या इंग्रज माणसाची पडझड त्याने रंगविली, तिचा इतिहास नायकांच्या भूमिकांतून सांगता आलाच नसता.

एलियट लंडनचा. राडा या नाट्यशिक्षण संस्थेत तो अल्पकाळ होता. दुसऱ्या महायुद्धात तो रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झाला, १९४२ मध्ये त्याचे बॉम्बफेकी विमान पाडले गेले आणि उर्वरित युद्धकाळ त्याने सायलेशियातील जर्मन युद्धबंदी छावणीत काढला. तेथेच बंदिवानांच्या नाटकांतून त्याने रंगभूमीचे खरे धडे गिरविले. युद्धोत्तर ब्रिटिश चित्रपटाला गणवेशातील सुसंस्कृत तरुण हवाच होता. त्या साच्यात एलियट सहज बसला, पण पूर्णपणे कधीच नाही. डेव्हिड लीनच्या ‘द साउंड बॅरियर’ (१९५२) मध्ये तो विमान कारखानदाराचा मुलगा आहे. वडिलांच्या अपेक्षेपोटी वैमानिक होऊ पाहणारा आणि पहिल्याच एकट्या उड्डाणात प्राण गमावणारा. ‘द क्रूएल सी’ (१९५३) मधील त्याचा नौदल अधिकारी घरी पत्नीकडून फसविला जातो. पराक्रमाच्या कथांतही त्याच्या वाट्याला आतून ठिसूळ असलेली माणसे येत होती.

साठच्या दशकात ब्रिटिश चित्रपटाचे सामाजिक केंद्र सरकले. कामगारवर्गीय नायक पुढे आले आणि सभ्य अधिकाऱ्याचा चेहरा जुनाट वाटू लागला. अनेक नटांची कारकीर्द येथे मंदावली; एलियटची मात्र खऱ्या अर्थाने येथेच सुरू झाली. क्लाइव्ह डॉनरच्या ‘नथिंग बट द बेस्ट’ (१९६४) मध्ये तो चार्ली प्रिन्स हा कुटुंबाने टाकलेला, उधारीवर जगणारा उमराव घराण्यातील पुरुष साकारतो. ॲलन बेट्सने उभा केलेला महत्त्वाकांक्षी तरुण त्याच्याकडून वरिष्ठ वर्गाचे उच्चार, पोशाख आणि बेफिकिरी शिकून घेतो व पुढे त्याचाच खून करतो. आपल्या वर्गाच्या रीतिभाती म्हणजे आता केवळ शिकविण्याजोगी, विकण्याजोगी कसबे उरली आहेत, हे चार्लीला पुरते ठाऊक आहे. त्या जाणिवेतला आळसावलेला विनोद एलियटने असा काही पकडला आहे, की खुनानंतर चित्रपटच किंचित पोरका होतो.

लुई गिल्बर्टच्या ‘अल्फी’ (१९६६) मधील त्याचा प्रवेश अधिक बारकाईने पाहावयास हवा. येथे तो बेकायदा गर्भपात करून देणारा आहे. ब्रिटनमधील गर्भपातविषयक कायदा १९६७ चा. म्हणजे चित्रपट आला तेव्हा हे कृत्य गुन्हाच होते. एखाद्या सामान्य नटाने या पात्राला खलपुरुष केले असते किंवा करुणेचा विषय तरी. एलियट यांपैकी काहीच करीत नाही. गुन्ह्याचे गांभीर्य तो समोरच्यांना औपचारिक शब्दांत बजावतो आणि त्याच सुरात आपले काम उरकतो. एके काळी प्रतिष्ठित व्यवसायात असलेल्या माणसाची भाषा शिल्लक आहे, प्रतिष्ठा उरलेली नाही. त्याने हे सर्व बोलण्यातल्या नेटकेपणातून आणि नजर टाळण्यातून सुचविले आहे. मायकेल केनच्या अल्फीचा उथळ आत्मविश्वास पुढे ढासळतो, त्याची जमीन या रूक्ष, शिष्ट माणसानेच तयार केलेली असते.

दूरचित्रवाणीने त्याला याहून अवघड कसोटी दिली. डेनिस पॉटरचे ‘ब्रिमस्टोन अँड ट्रीकल’ हे नाटक बीबीसीने १९७६ मध्ये प्रक्षेपणापूर्वीच रोखून धरले. ते दाखविले गेले १९८७ मध्ये. त्यातील मिस्टर बेट्स हा अपघातग्रस्त मुलीचा बाप वंशद्वेषी नॅशनल फ्रंटकडे ओढला गेलेला आहे. घरात शिरलेला तरुण पाहुणा जेव्हा त्याच्याच विचारांना उत्साहाने छावण्यांपर्यंत नेऊन पोचवितो, तेव्हा बेट्स दचकतो. त्याला जुना, परिचित इंग्लंड हवा होता; त्याची किंमत कोणी अशी उघड मांडली नव्हती. जर्मन छावणीत तीन वर्षे काढलेला नट हा क्षण साकारतो आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक नसले तरी बिघडत नाही; ठाऊक असल्यास मात्र तो विसरता येत नाही. १९८२ च्या चित्रपटातही ही भूमिका त्यानेच केली.

ऐंशीच्या दशकात ‘ट्रेडिंग प्लेसेस’ (१९८३), ‘अ प्रायव्हेट फंक्शन’ (१९८४) आणि ‘डिफेन्स ऑफ द रेल्म’ (१९८५) यांसाठी त्याला लागोपाठ तीनदा बाफ्टाचे सहायक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. याच काळात ‘प्रसंग चोरणारा नट’ ही त्याची ख्याती पक्की झाली. मुले आणि कुत्री यांच्याबरोबर काम करू नये, या नटमंडळींतील जुन्या सल्ल्यात गॅब्रिएल बर्नने गमतीने एलियटचेही नाव जोडले होते. गौरव म्हणून हे ठीक, समीक्षा म्हणून अपुरे. चोरी म्हटली की दुसऱ्याचे काहीतरी हिरावले जाते. ‘डिफेन्स ऑफ द रेल्म’ मधील व्हर्नन बेलिस हा मद्यपी, डाव्या विचारांचा जुना पत्रकार बर्नच्या तरुण बातमीदाराकडून काय हिरावतो? उलट तो त्याला शंका घ्यावयास शिकवितो. बेलिसच्या चुरगळलेल्या कोटात एका संपत आलेल्या पत्रकारितेची नीतिमत्ता आहे. कथेच्या ऐन मध्यावर तो मरतो आणि पुढचा सारा शोध त्याच्या अनुपस्थितीवर चालतो.

त्याने केलेले सर्वच काम या तोलाचे नाही. आलेली भूमिका सहसा न नाकारणाऱ्या या नटाच्या खात्यावर पुष्कळ सुमार चित्रपट जमा आहेत. मार्कस ब्रॉडीचे उदाहरण बोलके आहे. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) मधला संयत, विद्वान संग्रहालयप्रमुख ‘इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रूसेड’ (१९८९) मध्ये वाट चुकणारा विदूषक होतो. एलियट तेही चोख करतो. पण पटकथेने येथे पडझडीचे केवळ हसे केले आहे, हे नोंदविलेच पाहिजे.

ऑस्करचे एकमेव नामांकन त्याला मुंबईत जन्मलेल्या इस्माईल मर्चंटची निर्मिती असलेल्या ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ मधील मिस्टर इमर्सनसाठी मिळाले. आपली खिडकी अनोळखी स्त्रियांना मोकळ्या मनाने देऊ करणारा हा वृद्ध एलियटच्या दालनात वेगळाच दिसतो, कारण त्याच्याजवळ लपविण्याजोगे काहीच नाही. त्या वर्षी, १९८७ मध्ये, पारितोषिक मिळाले ते एके काळच्या अल्फीला, मायकेल केनला. त्याच सुमारास बीबीसीच्या ‘होटेल द्यु लाक’ (१९८६) मध्ये एलियटने याच्या नेमका उलट पुरुष रंगविला. प्रेमाविना सोयीच्या विवाहाचा प्रस्ताव अत्यंत सौजन्याने मांडणारा. आवाज तोच, आर्जव तेच. फक्त ऊब काढून घेतलेली.

एड्समुळे ऑक्टोबर १९९२ मध्ये इबिझा येथे त्याचे निधन झाले. त्याच वर्षीच्या ‘नॉइजेस ऑफ’ या प्रहसनात तो सेल्सडन मोब्रे हा म्हातारा, दारूचा नाद असलेला नट आहे. दौऱ्यावरच्या नाटकात त्याला भूमिकाही चोराचीच, छोटीशी. आणि सारी नाटकमंडळी बाटल्या दडवीत, तो या क्षणी नेमका आहे कोठे, याच विवंचनेत असते.