हस्तव्यवसाय, विद्युत्-परिपथ आणि 'बंद' हा शब्द

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी बसविले. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापून हाताने काम करीत शिकण्याचा हाच विचार ग्रामीण मुलांसाठी शेती, बांधकाम, वीजजोडणी इत्यादींपर्यंत नेला. हाताने केलेले बुद्धीस उमगते, हे या परंपरेचे गृहीतक होय. ते खरे असले तरी अपुरे आहे. हात राबत असताना कानांवर कोणते शब्द पडतात, यावरही आकलन अवलंबून असते.

नांदेडच्या वा लातूरच्या शाळेत दिवाळीपूर्वी मुले आकाशकंदील करतात. त्यात दीड व्होल्टचे दोन घट, लहान बल्ब, तार व टाचणीची कळ बसविली की विद्युत्-परिपथाचा पाठ तयार होतो. कळ दाबताच दिवा लागतो आणि शिक्षक सांगतात, 'परिपथ बंद झाला.' घरी मात्र 'दिवा बंद कर' याचा अर्थ दिवा मालव असाच असतो. त्यात 'धारा' व 'प्रवाह' हे शब्द आपण पाण्यावरून घेतले. नळ उघडला की पाणी वाहते. परिपथ खुला झाला की धारा थांबते. रूपक एकीकडे ओढते, परिभाषा दुसरीकडे. (नळ उघडूनही पाणी न येणे लातूरकरांस नवे नाही, २०१६ साली तेथे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. विभवांतर समजाविण्यास हा दाखला मात्र उत्तम आहे.)

सगळीच परिभाषा अशी अडखळविणारी नाही. 'एकसर जोडणी' हे पद मला विशेष आवडते. मोत्यांचा सर ज्याला ठाऊक आहे, त्याला गणपतीपुढील जुन्या माळेतील एक दिवा गेला की सारी माळ का विझते, हे निराळे सांगावे लागत नाही.

वायरमन 'बंद परिपथ' म्हणत नाही. 'जोड सुटला', 'वायर तुटली' असे म्हणतो. परिपथ प्रथम 'जुळला' वा 'तुटला' असे म्हणावे आणि 'बंद' व 'खुला' ही पदे कंदील पेटल्यानंतर द्यावीत, असे मला वाटते. यावर परीक्षेचा आक्षेप येईल, आणि सराव-चाचण्यांच्या 'लातूर पॅटर्न'ने घडविलेल्या वातावरणात तो हलका मानता येणार नाही. परंतु माझा विरोध पदांना नसून क्रमाला आहे. ३ व्होल्ट आणि १० ओहम यांवरून ०.३ अँपिअर हे उत्तर विद्यार्थी अचूक काढील. कंदील न पेटल्यास कोठे पाहावे, हे त्या उत्तरात नसते. रोगण चढविलेली तांब्याची तार न खरवडता गुंडाळली तर जोड डोळ्यांना पक्का दिसतो, दिवा मात्र लागत नाही. अशा वेळी 'परिपथ बंद नाही' या वाक्याने मुलाच्या हाती काही लागत नाही. 'तार जुळलेली दिसते, पण जुळलेली नाही' असे म्हटले की तो काचकागद शोधू लागतो.